हॅमंड आजोबांचे आइस्क्रीम

स्टीव्हन स्पीलबर्गचा 'ज्युरासिक पार्क' (१९९३) हा चित्रपट १२७ मिनिटांचा आहे आणि त्यात डायनासोर पडद्यावर दिसतात ते सुमारे १५ मिनिटे. हा हिशेब पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरा वाटत नाही. चित्रपटगृहातून बाहेर पडताना डोक्यात डायनासोरच असतात. उरलेला पावणेदोन तासांहून अधिक वेळ पडद्यावर काय चालले होते हे चटकन सांगता येत नाही. त्या वेळात माणसे डायनासोरांची वाट पाहत असतात, त्यांच्याविषयी बोलत असतात, त्यांच्यापासून लपत असतात. आणि एका ठिकाणी दोन माणसे बसून आइस्क्रीम खात असतात. आमच्या या लेखाचा विषय तेवढाच आहे.

प्रसंग वाचकांना आठवत असेल. बेटावरची यंत्रणा कोलमडली आहे, कुंपणांतली वीज गेली आहे, टी-रेक्स मोकळा सुटला आहे. डॉ. ॲलन ग्रँट आणि हॅमंडची दोन नातवंडे, लेक्स आणि टिम, रानात कुठे तरी अडकली आहेत. इयन माल्कम जखमी होऊन पडला आहे. अशा वेळी कॅमेरा उद्यानातल्या दुकानातून सावकाश फिरतो. फडताळांवर कापडी डायनासोर आणि इतर विकाऊ माल नीट मांडून ठेवलेला आहे; तो घ्यायला आता कोणी येणार नाही. पलीकडच्या भोजनगृहात, मेणबत्त्यांच्या उजेडात, उद्यानाचा मालक जॉन हॅमंड एकटाच आइस्क्रीम खात बसला आहे. एली सॅटलर तेथे येते. सगळे आइस्क्रीम वितळायला लागले होते, असे तो काहीसे ओशाळून सांगतो. ती समोर बसते आणि दोघे बोलू लागतात. या प्रसंगात कोणी धावत नाही, किंचाळत नाही, एकही डायनासोर दिसत नाही.

वाशीच्या एका महाविद्यालयात साहित्य शिकवत असताना हा प्रसंग आम्ही अनेक वर्षे वर्गात दाखवला. तो कशासाठी आहे, असे विचारले की उत्तर ठरलेले असे: 'रिलीफ'साठी. टी-रेक्सने दमवलेल्या प्रेक्षकाला जरा विसावा, म्हणजे पुढच्या भीतीसाठी तो ताजातवाना होईल. एक-दोन स्पष्टवक्ते विद्यार्थी पुढे जाऊन म्हणत की हा प्रसंग कापला तरी गोष्टीचे काही अडणार नाही. कथानकापुरते ते खरेच आहे. या संवादातून कोणाला नवी माहिती मिळत नाही आणि कोणतीही योजना ठरत नाही.

पण केवळ विसावाच द्यायचा असता तर एखाद्या विनोदाने काम भागले असते. मर्ढेकरांनी लयीची जी तीन तत्त्वे सांगितली, संवाद, विरोध आणि समतोल, त्यांच्या परिभाषेत बोलायचे तर 'रिलीफ'चे उत्तर विरोधापाशी थांबते: गोंगाटानंतर शांतता, काळ्यानंतर पांढरे. आमच्या मते हा प्रसंग समतोलाचे काम करतो. एका पारड्यात टी-रेक्सचे सगळे वजन पडलेले असताना दुसऱ्या पारड्यात काय आहे, हे येथे दाखवले जाते. दुसरे पारडे रिकामे असेल तर तुलना कसली होणार?

त्या पारड्यात काय आहे ते पाहू. हॅमंड एलीला आपल्या पहिल्या धंद्याची गोष्ट सांगतो. स्कॉटलंडहून येऊन त्याने लंडनच्या पेटिकोट लेनमध्ये पिसवांची सर्कस मांडली होती. चिमुकला झोपाळा, चिमुकले चक्र, सगळे अर्थातच यंत्रावर हलणारे. पिसवा नव्हत्याच. तरी बघणाऱ्या मुलांना त्या दिसत. म्हातारपणी त्याला असे काही उभारायचे होते जे भास नसेल, जे लोकांना पाहता येईल, हाताने चाचपता येईल. हे सांगताना त्याच्या आवाजात बढाई नाही. आयुष्यभर इतरांना भुलवत आलेल्या माणसाची खऱ्या वस्तूची भूक त्यात आहे. जॉन विल्यम्सचे संगीतही येथे आपला सगळा डामडौल बाजूला ठेवून हळुवार होते.

येथे चित्रपट स्वतःविषयीही बोलतो आहे, हे साहित्याच्या अभ्यासकाच्या ध्यानात यायला हरकत नाही. पडद्यावरचे डायनासोर ही स्पीलबर्गची पिसवांची सर्कसच आहे. काही यंत्रे आणि संगणकाने रेखलेली काही चित्रे हलत होती आणि आम्ही त्यांत जनावरे पाहत होतो. १९९४ साली हिंदी डबिंगसह हा चित्रपट आपल्याकडे आला, तेव्हा इंग्रजीच्या वाटेला न जाणारी कुटुंबेच्या कुटुंबे तो पाहायला गेली आणि तीही अशीच भुलली. भव्य भास उभा करणाऱ्या दिग्दर्शकाने आपल्या चित्रपटाच्या मध्यावर भास उभा करणाऱ्या म्हाताऱ्याला बसवावे आणि त्याची कबुली ऐकवावी, यात मोठे धैर्य आहे.

मात्र एली ही कबुली कौतुकाने ऐकून घेत नाही. हॅमंड अजूनही पुढच्या वेळी काय सुधारायचे याचा विचार करतो आहे. यंत्रांवर फार विसंबलो, ते दुरुस्त करू, म्हणतो. ती त्याला सांगते की ताबा त्याच्या हाती कधी नव्हताच; ताबा आहे असे वाटणे हाच खरा भास. त्याच वेळी ती स्वतःलाही वगळत नाही. या जागेच्या सामर्थ्याने तीही भारावली होती, त्या सामर्थ्याचा पुरेसा आदर तिनेही ठेवला नव्हता, असे ती म्हणते. आणि आता महत्त्वाची आहेत ती फक्त आपली माणसे, आणि ती तर बाहेर आहेत, हेही तीच बोलून दाखवते. मग ती चमचा उचलते, आइस्क्रीम चाखते आणि चांगले आहे म्हणते. त्यावर हॅमंड आपले पालुपद म्हणतो: खर्चात हात आखडता घेतलेला नाही. चित्रपटभर मिरवून उच्चारलेले हे वाक्य या एका जागी एखाद्या शोकगीताच्या ध्रुपदासारखे ऐकू येते. त्याने सगळ्यावर खर्च केला होता, आणि शेवटी हाती उरले ते वितळते आइस्क्रीम.

या प्रसंगातला कोवळेपणा नेमका कशात आहे? एली त्याचे सांत्वन करत नाही, मुले सुखरूप येतील असे खोटे आश्वासन देत नाही. ती त्याला खरे ते सांगते आणि खरे सांगून झाल्यावर त्याच्याच ताटातले खाते. आपल्याकडे कोणाशी संबंध तोडायचा तर त्याच्या घरचे पाणीही पीत नाहीत. एली त्याचे आइस्क्रीम खाते, याचा अर्थ मराठी वाचकाला निराळा समजावून सांगायची गरज नाही.

या प्रसंगाच्या आधी एक जुळा प्रसंग येतो, तोही विसरता कामा नये. ग्रँट दोन्ही मुलांना घेऊन एका उंच झाडावर चढला आहे. दुरून ब्रॅकिओसॉरसांचे हुंकार ऐकू येत आहेत. आपण झोपल्यावर ते आले तर, या लेक्सच्या भीतीला तो उत्तर देतो की तो रात्रभर जागा राहील. आरंभी ज्या नखाच्या जीवाश्माने त्याने एका पोराला घाबरवले होते, ते खिशात टोचते म्हणून तो काढतो आणि खाली टाकून देतो. मुलांचा कंटाळा असलेला परका माणूस तेथे दोन मुलांना दोन्ही कुशींत घेऊन बसला आहे. आणि रक्ताचा आजोबा सुरक्षित भिंतींच्या आत, हात बांधल्यासारखा. हे दोन प्रसंग लागोपाठ ठेवले आहेत. पहिल्यात जे हातात आहे तेच दुसऱ्यात हातातून गेले आहे.

येथे आम्हांला आमच्या शहरातली एक रात्र आठवते. नवी मुंबई हे आखून वसवलेले शहर. सिडकोची स्थापना १९७० सालची. खाडीकाठच्या सखल जमिनीवर नोड आखले गेले, आणि भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवायला धारण तलाव खोदले गेले. या आखणीचा आम्हां रहिवाशांना अभिमान आहे आणि तो अनाठायी नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. लोकल बंद पडल्या, फोन लागेनात. नेरुळच्या आमच्या इमारतीतली वीज दुपारीच गेली. खालच्या मजल्यावरच्या आजींचा मुलगा कुर्ल्याला कामावर गेला होता, त्याचा काहीच पत्ता नव्हता. रात्री जिन्यात मेणबत्ती लावून आम्ही चार-पाच बिऱ्हाडे बसलो होतो. आजी आत गेल्या आणि नातवासाठी आणून ठेवलेले आइस्क्रीमचे खोके घेऊन आल्या. ते पातळ झाले होते. स्टीलच्या वाट्यांत वाढून त्यांनी सगळ्यांपुढे धरले आणि म्हणाल्या, "घ्या, वाया जाईल." सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ले. शेजारच्या एका गृहस्थांनी, "येईल हो तो," असे म्हणायला तोंड उघडले, तेव्हा आजींनी हातानेच थांबवले. "ते मला सांगू नका. खा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा आला, चेंबूर-मानखुर्दवरून वाशीचा पूल पायी ओलांडून. तो आला नसता तरी त्या वाट्यांचा अर्थ बदलला नसता असे आम्हांला वाटते. पावसाचा आकडा वर्तमानपत्रातून कळला; त्या पावसाने काय पणाला लावले होते ते आम्हांला त्या जिन्यात कळले. भीतीला स्वतःचे माप नसते. ज्याच्यासाठी भ्यायचे ते समोर यावे लागते, आणि ते येते वाटी, चमचा, वाया जाऊ नये अशी काळजी, असल्या बारीकसारीक गोष्टींतून.

साहित्याला हे जुनेच ठाऊक आहे. 'मॅकबेथ'मध्ये राजाच्या खुनानंतर वाड्याच्या दारावर थाप पडते. ती थाप ऐकून आपल्याला एवढे का दचकायला होते, याचा विचार डी क्विन्सीने १८२३ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की रोजचे जग परत येऊ लागते तेव्हाच, ते किती वेळ थांबले होते, याची जाणीव होते. हॅमंडचा चमचा ही तशीच एक थाप आहे. आपल्याकडचे उदाहरण अधिक जवळचे आहे. सिंहगडाची लढाई १६७० सालची. पण पोवाड्यांनी आणि कथा-कादंबऱ्यांनी ती मराठी मनात रुजवली ती रायबाच्या लग्नासह. तानाजी मुलाच्या लग्नाचे आमंत्रण घेऊन येतो आणि कोंढाण्याला निघतो. ही आख्यायिका इतिहासाच्या कसोटीवर किती टिकते हा प्रश्न वेगळा. गोष्ट सांगणाऱ्यांना एवढे नक्की कळले होते की कड्याची उंची आणि शत्रूची संख्या सांगून भागत नाही. घरी मांडव पडायचा आहे हे श्रोत्याला माहीत असावे लागते. रायबाचे लग्न काढून टाका, गड तेवढाच उंच राहील, पण ऐकणाऱ्याच्या छातीत धस्स होणार नाही.

मायकेल क्रायटनच्या मूळ कादंबरीतला (१९९०) हॅमंड बराच कोरडा आहे आणि शेवटी तो आपल्याच उद्यानातल्या लहान डायनासोरांच्या तावडीत सापडून मरतो. कादंबरीच्या न्यायाने ते योग्यच आहे: गर्वाला शिक्षा. चित्रपट त्याला जिवंत ठेवतो, आणि ही प्रेक्षकाला खूश करण्याची तडजोड आहे असे म्हणणारे समीक्षक भेटतात. आम्हांला तसे वाटत नाही. मेलेल्या माणसाला काही उमगत नाही. चित्रपटातल्या हॅमंडला त्या टेबलापाशी सगळे उमगून पुढे जगायचे आहे, आणि ही शिक्षा सौम्य नाही. ती पेलायला रिचर्ड ॲटनबरोंसारखा नट लागतो. मराठी प्रेक्षक त्यांना ओळखतो तो 'गांधी'चा (१९८२) दिग्दर्शक म्हणून, ज्यात रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा झाल्या आणि डॉ. श्रीराम लागू गोखले. लाखोंच्या गर्दीच्या त्या चित्रपटातही म्हातारे गांधी आणि कस्तुरबा आपल्या लग्नातली वचने आठवून सांगतात असा एक छोटा प्रसंग आहे. भव्यतेला असा एखादा कोपरा लागतो, हे ॲटनबरोंना दिग्दर्शक म्हणून ठाऊक होते. हॅमंडची भूमिका करताना ते त्यांच्या कामी आले असावे.

या मालिकेत २०२५ पर्यंत सात चित्रपट निघाले. डायनासोर संख्येने वाढले, आकाराने वाढले, संकर करून नवेही घडवले गेले. तरी २०१८ च्या चित्रपटातले काय लक्षात राहिले असे विचारले, तर आमचे अनेक विद्यार्थी एकच चित्र सांगत: धुराच्या लोटात, धक्क्यावर मागे राहिलेला, दूर जाणाऱ्या बोटीकडे पाहून ओरडणारा एकटा ब्रॅकिओसॉरस. तो कोणावर धावून जात नाही, कोणाला खात नाही. 'रिलीफ'चे उत्तर देणाऱ्या वर्गाला मग आम्ही एवढेच विचारत असू की येथे विसावा कोठे आहे. वर्ग गप्प होई. त्यानंतर हॅमंड आणि एलीचा प्रसंग आम्ही पुन्हा लावत असू, आणि या वेळी तो कापावा असे कोणी म्हणत नसे.