काचेमागचं लोखंड

व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरच्या किटचं खोकं उचललं की सगळं वजन एका बाजूला झुकतं. त्या बाजूला ट्रान्सफॉर्मर असतात. चार व्हॉल्व्ह, मूठभर रेझिस्टन्स आणि थोडे कंडेन्सर ओंजळीत मावतात. ट्रान्सफॉर्मर तीनच असले तरी त्यांना दोन्ही हात लागतात. तरीही या यंत्राचे फोटो निघतात ते काचेचे. अंधाऱ्या खोलीत केशरी उजळलेले फिलामेंट दिसले की बघणाऱ्याला वाटतं, आवाजातला गोडवा तिथूनच येत असणार. मलाही ती काच आवडते. पण घरी ॲम्प्लिफायर बांधायचा तर लक्ष लोखंडाकडे हवं, हे मी नव्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगतो.

सध्या माझ्या टेबलावर आहे ते किट अगदी साध्या रचनेचं आहे. एक ईसीसी ८३, दोन ईएल ८४, आणि एसीचं डीसी करायला एक ईझेड ८१. ईसीसी ८३च्या एकाच काचेत दोन ट्रायोड असतात, एक डाव्या स्पीकरसाठी, एक उजव्या. तो बारीक सिग्नल मोठा करतो. पुढचा ईएल ८४ स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो. प्रत्येक बाजूला एकच आउटपुट व्हॉल्व्ह, म्हणून या रचनेला सिंगल-एंडेड म्हणतात. ईएल ८४ हा पन्नासच्या दशकात युरोपात आलेला नऊ पिनांचा व्हॉल्व्ह. पुढे आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही तो बनवला, आणि जुन्या सामानाच्या दुकानात त्यांचा शिक्का असलेला एखादा अजून सापडतो. नवीन व्हॉल्व्ह आज स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधून येतात.

आता लोखंडाची गोष्ट. ईएल ८४ ला काम करायला सुमारे २५० व्होल्ट लागतात आणि त्यातून करंट वाहतो तो जेमतेम ४८ मिलिअँपिअर. स्पीकरची गरज याच्या अगदी उलट, व्होल्ट थोडे आणि करंट भरपूर. व्हॉल्व्हला समोर ५००० ओहमच्या आसपासचा भार दिसला पाहिजे आणि स्पीकर तर ८ ओहमचा. या दोघांची गाठ घालून देतो तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर. ५००० ला ८ ने भागलं की ६२५, त्याचं वर्गमूळ २५. म्हणजे व्हॉल्व्हच्या बाजूला, प्रायमरीत, अडीच हजार वेढे असतील तर स्पीकरच्या बाजूला, सेकंडरीत, शंभर हवेत. हिशेब शाळकरी पोरालाही जमेल. अवघड आहे ते वेढे कसे घालायचे हे.

अडीच हजार वेढे सलग घालून त्यावर शंभर वेढे चढवले तर ट्रान्सफॉर्मर चालेल, पण वरचे स्वर मरतील. आतल्या वेढ्यांचं सगळं चुंबकत्व बाहेरच्या वेढ्यांपर्यंत पोचत नाही आणि ही गळती वरच्या कंपनसंख्यांना आडवी येते. म्हणून चांगला कारागीर दोन्ही वाइंडिंगचे तुकडे करतो आणि ते एकाआड एक बसवतो: थोडी प्रायमरी, मग थोडी सेकंडरी, पुन्हा प्रायमरी, आणि प्रत्येक थरामध्ये कागद. थर वाढवत नेले की गळती कमी होते, पण थराथरांत कंडेन्सरसारखा गुण शिरतो आणि तोही वरचे स्वर खातो. या दोहोंतला तोल सांभाळणं ही खरी कारागिरी. बाहेरून रंग लावलेल्या डब्यात ती दिसत नाही.

खालच्या स्वरांचा प्रश्न वेगळा. सिंगल-एंडेड रचनेत ते ४८ मिलिअँपिअर सतत एकाच दिशेने वाहतात. गाणं सुरू असो वा नसो, लोखंड एका बाजूला चुंबकित झालेलं राहतं. मग डग्ग्याचा ठोका आला की लोखंडाकडे वाढायला जागा उरत नाही. यावर उपाय म्हणून ‘ई’ आकाराचे सगळे पत्रे एका बाजूने घालतात, ‘आय’चे दुसऱ्या बाजूने, आणि मध्ये कागदाची पट्टी ठेवून बारीकशी फट राखतात. ती फट लोखंडाला मोकळं ठेवते, पण इंडक्टन्स कमी करते. तो भरून काढायला पत्र्यांची थप्पी मोठी घ्यावी लागते. सिंगल-एंडेडचा चांगला ट्रान्सफॉर्मर ५ वॉटसाठी एवढा जड का, याचं उत्तर हे आहे. पुश-पुलमध्ये दोन व्हॉल्व्हचे करंट उलट दिशांनी वाहून एकमेकांना संपवतात, त्यामुळे फट लागत नाही आणि पत्रे दोन्ही बाजूंनी आलटून पालटून घालतात.

आमच्या गावात मोटारी आणि स्टॅबिलायझर वाइंड करणारे एक काका आहेत. त्यांनी आउटपुट ट्रान्सफॉर्मर याआधी बांधलेला नव्हता. कागदावर थरांचा क्रम काढून दिला तेव्हा त्यांनी तो बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, “एवढे तुकडे कशाला पाडायचे?” मी कारण सांगितलं. पुढच्या फेरीला त्यांनी प्रत्येक थराची टोकं वेगळ्या रंगाच्या स्लीव्हमध्ये काढून ठेवली होती, मी न सांगता. किटमधला ट्रान्सफॉर्मर आणि काकांचा ट्रान्सफॉर्मर मी दोन्ही ऐकले आहेत. काकांचा किटपेक्षा मोठ्या थप्पीचा आहे आणि डग्गा त्यावर अधिक खोल उतरतो. वरच्या टोकाला किटचा अजून थोडा सरस.

लोखंडाचं हे महत्त्व ज्यांनी सगळ्यात ठामपणे मांडलं त्यांत डी. टी. एन. विल्यमसन यांचं नाव मी पहिलं घेईन. १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या इंग्रजी मासिकात त्यांनी १५ वॉटच्या ॲम्प्लिफायरचा आराखडा प्रसिद्ध केला आणि जगभरच्या हौशी लोकांनी तो घरोघरी बांधला. त्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मरलाही सामावून घेत २० डेसिबलचा फीडबॅक दिला होता, म्हणजे बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा काही भाग उलटा करून पुन्हा सुरुवातीला नेला होता. एवढा फीडबॅक द्यायचा तर ट्रान्सफॉर्मर ऐकू येणाऱ्या स्वरांच्या कितीतरी वर-खालीही सरळ वागायला हवा, नाहीतर ॲम्प्लिफायर स्वतःच शिट्टी घालू लागतो. त्यामुळे त्या लेखातला महत्त्वाचा भाग ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगचा आहे. व्हॉल्व्ह कोणीही विकत आणू शकत होतं.

किट जोडण्याचं काम त्या मानाने सोपं. रेझिस्टन्सचे रंग वाचा, मीटरवर पडताळा, टॅग स्ट्रिपवर पाय नीट गुंडाळा, मग सोल्डर द्या. व्हॉल्व्हच्या सॉकेटचे पिन खालून बघताना घड्याळाच्या दिशेने मोजायचे. सोल्डर जोडाला वितळवून द्यायचं, सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर घेऊन चोपडायचं नाही. एवढं पाळलं की निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं म्हणजे हम. इथे मी मुद्दाम रेंगाळतो. ॲम्प्लिफायर चालू ठेवून, गाणं बंद करून स्पीकरला कान लावला तर आपल्याकडच्या विजेचा ५० हर्ट्झचा सूर ऐकू येतो, किंवा त्याच्या दुप्पट, १०० हर्ट्झचा. पेटी वाजवणाऱ्याला हा सूर ओळखीचा आहे. तो पांढरी पाचच्या अगदी जवळ, किंचित चढा. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, तिथला हम काळी पाच आणि पांढरी सातच्या मधे कुठेतरी पडतो. आपल्या घरातला ५० चा सूर गुळगुळीत असतो. तो बहुतेक फिलामेंटच्या वायरींतून किंवा पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकत्वातून आलेला असतो. १०० चा सूर जरा खरखरीत लागतो, आणि तो एच.टी.च्या, म्हणजे व्हॉल्व्हना लागणाऱ्या उच्च दाबाच्या डीसीच्या, फिल्टरमधून किंवा चुकीच्या अर्थिंगमधून येतो. कानाने एवढा भेद केला की कुठे हात घालायचा ते कळतं.

म्हणून फिलामेंटच्या दोन वायरी घट्ट पिळून चासीच्या कोपऱ्याला चिकटवून न्यायच्या. ग्रिडची वायर त्यांच्यापासून दूर ठेवायची, आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडायची. पहिल्या मोठ्या कंडेन्सरच्या अर्थला सिग्नलचा अर्थ कुठेही मध्येच जोडायचा नाही. त्या कंडेन्सरमध्ये सेकंदाला शंभर वेळा करंटचे ठोके पडतात आणि वाटेतल्या वायरवर ते उमटतात. चासीवर पॉवर ट्रान्सफॉर्मर आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर एकमेकांना काटकोनात बसवलेले दिसतात, त्याचंही कारण हेच. एकाचं चुंबकत्व दुसऱ्यात शिरू नये. चासी स्वतः पाडणारा माणूस भोकं पाडण्याआधी पॉवर ट्रान्सफॉर्मर चालू करतो, आउटपुट ट्रान्सफॉर्मरला हेडफोन लावतो आणि तो फिरवत फिरवत सगळ्यात शांत जागा शोधतो. मला ही पद्धत फार आवडते. लोखंड ऐकून जागा ठरवायची.

वीज देण्याआधीची शिस्त मात्र वेगळी आणि तिच्यात सूट नाही. एच.टी.चे अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी माणूस मारू शकतात, आणि बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये ते शिल्लक राहतात. कंडेन्सरवर ब्लीडर रेझिस्टन्स हवाच, आणि तो आहे म्हणून न मोजता हात घालायचा नाही. मोजताना एक हात पाठीमागे, अंगठी-घड्याळ काढून ठेवलेलं, आणि घरात दुसरं कुणीतरी जागं. पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज बल्बमधून. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर तो बोर्ड असायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. स्पीकर किंवा ८ ओहमचा जाड रेझिस्टन्स जोडल्याशिवाय सिग्नल द्यायचा नाही. भार नसला तर प्रायमरीवर उसळणारे व्होल्ट थरांमधला कागद फोडतात आणि एवढ्या कष्टाने घातलेलं वाइंडिंग जातं.

मग मीटर. ईएल ८४ च्या तिसऱ्या पिनवर, म्हणजे कॅथोडवर, १३५ ओहमच्या रेझिस्टन्सच्या दोन टोकांमध्ये ७.२ व्होल्ट मिळाले तर करंट ५३ मिलिअँपिअर. त्यातले साधारण ५ स्क्रीनचे, ४८ ॲनोडचे. २५० व्होल्ट गुणिले ४८ मिलिअँपिअर म्हणजे १२ वॉट, आणि १२ वॉट ही या व्हॉल्व्हची कमाल मर्यादा. कागदावर ठीक आहे. पण किटचा पॉवर ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टचा असेल आणि आपल्याकडे रात्री वीज २४० वर गेली असेल, तर ६.३ व्होल्टचं फिलामेंट ६.९ च्या जवळ पोचतं आणि एच.टी.ही तितकीच चढते. मी कॅथोडचा रेझिस्टन्स १६० ओहमच्या आसपास करतो. अर्धा-एक वॉट कमी मिळतो, व्हॉल्व्ह कितीतरी जास्त टिकतो. ज्यांना शेवटचा वॉट हवा आहे त्यांनी स्पीकर अधिक सेन्सिटिव्ह घ्यावा. स्पीकरमध्ये ३ डेसिबल वाढले की ॲम्प्लिफायरची ताकद दुप्पट केल्यासारखंच आहे.

आवाज तपासायला मी तंबोरा लावतो. काळी एकचा तंबोरा असेल तर खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर बोलते, पण कानाला भरतो तो तिच्या वरच्या स्वरांचा झोत. मिरजेचे कारागीर घोडीचा पृष्ठभाग घासून, तारेखाली दोरा सरकवून ती जवारी काढतात. ट्रान्सफॉर्मरचं वरचं टोक बोथट असेल तर जवारी विझते आणि तंबोरा नुसता गुणगुणतो. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर स्वतःहून दुसरा हार्मोनिक घालतो, म्हणजे वरचा षड्ज, म्हणून तो गोड लागतो असं सांगतात. एका स्वराबाबत ते खरं आहे. पण दोन स्वर एकत्र आले की तोच वाकडेपणा त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वर तयार करतो, आणि त्यांचा रागाशी संबंध नसतो. जवारीत जे आहे ते कारागिराने ठेवलेलं आहे. ॲम्प्लिफायरने त्यात भर घालू नये अशी माझी अपेक्षा असते.

मग खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या तीसच्या दशकातल्या तबकड्या. १९२५ पासून ध्वनिमुद्रण विजेवर होऊ लागलं, आणि ट्रान्झिस्टर येईपर्यंत मायक्रोफोनपासून तबकडीपर्यंतचा प्रत्येक सूर व्हॉल्व्हमधून आणि ट्रान्सफॉर्मरमधून गेला. मिरजेत राहिलेल्या त्या गळ्यातला सूर माझ्या टेबलावर येतो तेव्हा त्याने हा प्रवास आधीच एकदा केलेला असतो.

फीडबॅकची वायर मी सगळ्यात शेवटी जोडतो. स्पीकरच्या टोकापासून एक रेझिस्टन्स ईसीसी ८३ च्या कॅथोडकडे. दिशा उलटी असेल तर ॲम्प्लिफायर किंचाळतो, मग प्रायमरीच्या दोन वायरी अदलाबदल करायच्या. गेन गरजेपेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे थोडा खर्च करायला हरकत नाही. काही लोक ही वायर कापून टाकतात आणि आवाज मोकळा झाला म्हणतात. मी दोन्ही ऐकून ती ठेवली. तिच्याशिवाय डग्ग्याचा घिस्सा ठोक्यानंतरही रेंगाळतो, कारण ॲम्प्लिफायर स्पीकरच्या कोनाला धरून ठेवू शकत नाही. वायर जोडली की डग्गा घुमतो आणि वादकाच्या तळव्याने थांबवला त्या क्षणी थांबतो. किटच्या ट्रान्सफॉर्मरवर हा रेझिस्टन्स एका हद्दीपलीकडे कमी केला की ऑसिलोस्कोपवर वरच्या टोकाला लहर दिसू लागते. काकांना आता प्रायमरीचे आणखी दोन तुकडे करून एक जोडी घालायला दिली आहे. त्यावर तो कुठपर्यंत कमी होतो ते बघायचं आहे.