कोरी जागा

गेल्या वर्षीं पुतण्या मोठ्या उत्साहानें घरीं आला. म्हणाला, "काका, तुमच्या पणजीचें माहेर वाईचें, हें आतां पक्कें झालें. इंटरनेटवर आपल्या भाऊबंदांच्या सहा वंशवृक्षांत तसेंच लिहिलें आहे."

सहा साक्षीदार! मला कोण आनंद झाला! पण ते वृक्ष एकामागून एक पाहतांना मी चपापलों. सहाही ठिकाणीं रमाबाईंची 'रामाबाई' झाली होती. ती चूक माझीच होती. २००८ सालीं मीं आमची वंशावळ इंटरनेटवर चढविली, तेव्हां एक काना जास्त पडला होता. आणि वाई? वडिलांच्या वहींत माहेराची जागा कोरी होती. ती डोळ्यांना खुपली, म्हणून एका आत्याच्या अर्धवट आठवणीवरून मीं ती भरून टाकली आणि पुढें प्रश्नचिन्ह घालण्याचा आळस केला. सहा साक्षीदार कसले? माझाच आवाज डोंगरावरून सहादां परत आला होता.

आपल्या वंशावळींत चुकण्याच्या वाटा तरी किती! नातवाला आजोबांचें नांव ठेवण्याची आपली रीत. त्यामुळें एका पिढीआड तेंच नांव येतें आणि दोन माणसांचा एक माणूस होतो. दत्तक गेलेला मुलगा दोन घरांत जन्मतो. शके १७७२ हा कुणी इसवी सन समजला, कीं बिचारा पूर्वज ७८ वर्षें आधींच जन्मास येतो. स्त्रियांचें तर विचारूंच नये. लग्नांत नांव बदललें, कीं माहेरची मुलगी कागदावरून नाहींशीच होते. पूर्वीं अशी चूक एका घरच्या वहींत पडून राहत असे. आतां ती क्षणांत घरोघर जाते.

शेवटीं नाशिकला आमच्या तीर्थोपाध्यायांकडे गेलों. त्यांच्या नामावळीच्या वहींत शके १८३२ च्या भाद्रपदांतला, म्हणजे १९१० सालचा, आजोबांच्या हातचा लेख सांपडला. तीर्थश्राद्धांत आईकडील पूर्वजांचाही उच्चार होतो. म्हणून त्यांनीं मातामहांचें नांव लिहिलें होतें, आणि त्यापुढें गांव: राजापूर.

मीं माझा वृक्ष त्याच रात्रीं दुरुस्त केला. साही जणांना पत्रें लिहिलीं. दोघांनीं चूक सुधारली. चौघांचें उत्तर आलें नाहीं. त्यांच्या वृक्षांत माझी पणजी अजून परक्या गांवीं माहेरपणाला जाते, आणि तिला तेथें मींच धाडलें आहे.

परवां पुतण्यानें विचारलें, "रमाबाईंच्या आईचें नांव काय लिहूं?"

"ठाऊक नाहीं," मी म्हणालों, "जागा कोरी ठेव."