‘आय बेग टु स्टेट’चे दिवस

शाळेत रजेचा अर्ज इंग्रजीत लिहायचा झाला की सुरुवात ठरलेली असे, ‘आय बेग टु स्टेट’. ताप आला तरी ‘बेग’, आतेबहिणीचं लग्न असलं तरी ‘बेग’. खाली ‘युवर ओबीडियंट प्युपिल’ आणि सही. कचेरीबाहेर टाइपरायटर मांडून बसलेले अर्ज लिहिणारेही हेच बडवत. समोरचा माणूस गावच्या बोलीत तक्रार सांगे, कागदावर उमटे ‘मोस्ट हंबली अँड रिस्पेक्टफुली बेग’.

हे क्रियापद इंग्रजीत सुमारे आठशे वर्षं नांदतं आहे. काही अभ्यासक त्याचं मूळ बेगार्डांत शोधतात. आजच्या बेल्जियम-नेदरलँड्सच्या मुलखातले हे तेराव्या शतकातले धार्मिक बंधुसंघ. त्यांतले पुष्कळजण विणकामावर पोट भरत, काही भिक्षा मागत हिंडत. दुसरे अभ्यासक जुन्या इंग्रजीतल्या ‘बेडेकियन’ या क्रियापदाकडे बोट दाखवतात. विणकऱ्यांच्या नावावर भिक्षेचा शिक्का बसला असेल, या कल्पनेनं मात्र मला चटका लागतो.

पुढे शब्द सभ्य झाला. ‘आय बेग युवर पार्डन’ म्हणणारा इंग्रज कुणापुढे हात पसरत नसे. आपल्याकडे हा शब्द साहेबाच्या टेबलापर्यंत पोचला आणि पुन्हा खाली वाकला. आपल्यालाही तो परका वाटला नसावा. दरबारी पत्रांत ‘विज्ञापना’ होती, घरच्या पत्रांत ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’. पण ती विनंती वडीलधाऱ्यांना असे, तिच्यात माया होती. आवक बारनिशीत पडून राहणाऱ्या अर्जात ती कुठली?

आता पोर्टलवर रकाने भरायचे, ओटीपी टाकायचा, पावती घ्यायची. अर्ज लिहिणारा निदान सगळी हकीकत ऐकून घेई, जमिनीच्या वादात मधला चुलता कुठून आला तेही विचारी. ते ऐकणं गेलं याची मला खरीच हळहळ आहे.

‘बेग’ मात्र परत यायला नको. माहिती अधिकाराचा कायदा महाराष्ट्रानं 2002 साली स्वतःचा केला, देशाचा 12 ऑक्टोबर 2005 पासून पूर्णपणे लागू झाला. राज्याच्या कार्यालयांत त्या अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट पुरतं. माहिती कशाला हवी याचं कारण द्यावं लागत नाही, आणि तीस दिवसांत उत्तर देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक असतं.