सहा प्रश्नचिन्हं

नागपुरात ऊन मी म्हणतंय, त्यामुळे वीकएंड घरातच. म्हटलं चला, आज एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीवर लिहू: टेक्स्ट एडिटरच्या सेटिंगमधलं 'एन्कोडिंग'.

आपण 'नागपूर' टाइप करतो तेव्हा डिस्कवर अक्षरं जात नाहीत, आकडे जातात. कुठल्या अक्षराला कुठला आकडा, हे ठरवणारा तक्ता म्हणजे एन्कोडिंग. जुन्या नोटपॅडमध्ये तो आपोआप 'आन्सी' असायचा. त्यात रशियनला १२५१ नंबरचा तक्ता, अरबीला १२५६, थाईला ८७४. आणि देवनागरीला? एकही नाही! युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, पण नोटपॅडने यूटीएफ-८ डीफॉल्ट केलं ते विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटमध्ये. तोपर्यंत मराठी माणसाने सेव्ह करताना ते स्वतःच बदलायचं.

आता हे आमच्या बिल्डिंगमधल्या काकांना कोण सांगणार? रिटायर झाल्यावर ते आपल्या आईच्या तोंडचे वऱ्हाडी शब्द टाइप करत होते, जुन्या विंडोज ७ वर. सेव्ह करताना इंग्रजीत लांबलचक इशारा आला, काकांनी 'ओके' दाबलं. आपण तरी कुठे वाचतो? मशीन रोज नुसतं स्लीपवर टाकायचे, त्यामुळे पंधरा दिवस स्क्रीनवर सगळं छान दिसत होतं. मग एक दिवस लाइट गेली. फाइल पुन्हा उघडली तर पानभर प्रश्नचिन्हं.

"काऊन रे, याले मराठी समजत नाही काय?" काका.

खरंच समजत नव्हतं. तक्त्यात जागा नसलेल्या प्रत्येक चिन्हाऐवजी नोटपॅड सरळ '?' लिहितं. न, काना, ग, प, ऊकार, र... झाली सहा प्रश्नचिन्हं. 'सावनेर' लिहा, तीही सहाच! मग परत ओळखणार कशावरून? फाइल गेली ती गेलीच. काकांनी वही काढून आठवेल तसं पुन्हा लिहायला घेतलं, पण ज्यांना विचारायचं ती आई आता नाही.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. प्रश्नचिन्हांऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेले इंग्रजी 'ए' ओळीने दिसले, तर घाबरू नका. मजकूर बहुधा शाबूत आहे, फक्त चुकीच्या तक्त्याने वाचला जातोय. नोटपॅड प्लस प्लसमध्ये एन्कोडिंग मेनूतून नुसतं 'यूटीएफ-८' निवडा. त्याच मेनूतलं 'कन्व्हर्ट' दाबून सेव्ह केलंत तर तो कचराच पक्का होतो.

आणि कायमचा इलाज: नोटपॅड प्लस प्लसमध्ये सेटिंग्ज, मग प्रेफरन्सेस, मग न्यू डॉक्युमेंट. तिथे यूटीएफ-८ निवडा आणि त्याखालचा 'अप्लाय टू ओपन्ड आन्सी फाइल्स'चा चौकोनही टिक करा. नाहीतर नुसत्या इंग्रजीची जुनी फाइल उघडून त्यात मराठी लिहिलं की पुन्हा तेच.

डीफॉल्ट म्हणजे कुणीतरी आपल्या वतीने आधीच घेतलेला निर्णय. तो घेताना मराठी कुणाच्या डोक्यात नव्हती, इतकंच. तेव्हा या रविवारी आई-बाबांच्या कॉम्प्युटरवर दोन मिनिटं बसा. ते काय लिहितात ते विचारू नका हवं तर, पण कसं सेव्ह होतंय तेवढं बघून ठेवा :)