तीन म्हणजे नऊ

पहिल्याच दिवशी मी सहा तास उशिरा पोचले, आणि तेही पाच मिनिटं लवकर आल्याच्या ऐटीत.

फोनवर वेळ सांगितली होती ‘सा तातू’. शब्दकोशात पाहिलं, तीन वाजता. नाशिकची मी, लीड्सला फिजिओथेरपी शिकते. चार आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी टांझानियातल्या मोशीला, किलिमांजारोच्या पायथ्याशी आलेले. तिथल्या फिजिओबाई पोट धरून हसल्या. स्वाहिलीत तास दिवस उगवल्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे एक, नऊ म्हणजे तीन. विषुववृत्त जवळ, सूर्य बारा महिने सहाच्या आसपास उगवणार, म्हणून हे ‘हेसाबू’ जुळतं. हो, हिशेबाला तिथे हेसाबूच म्हणतात. बाईंना सगळे ‘मामा’ म्हणत. मामा म्हणजे आई आणि बाबू म्हणजे आजोबा, हे डोक्यात बसायला आणखी दोन दिवस गेले.

माझ्या वाट्याला एक बाबू आले. बोडाबोडाने, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलने, उडवलेले. मांडीचं हाड मोडलेलं. लीड्सला अशा हाडात एक-दोन दिवसांत सळई घालतात आणि माणसाला उभं करतात. इथे बाबू सहा आठवडे पायाला वजन टांगून पडून होते. हाड जुळत आलं होतं, गुडघा मात्र लाकूड झालेला.

मी तीन शब्द घोकून ठेवले होते. सिमामा, उभे राहा. तेंबेआ, चाला. का, बसा. बाबू कुबड्यांवर उभे राहिले, पाऊल उचलणार तोच थबकले. माझ्या तोंडून निघालं, “का?” ते मुकाट्याने पलंगावर बसले. पुन्हा उभं केलं, पुन्हा थबकले, पुन्हा माझं “का?”. तिसऱ्या खेपेला मामा ओरडल्या, “अगं, उभं करतेस की बसवतेस?”

मग मी जिन्याचा सराव सुरू केला, कारण फॉर्मवर जिन्याचा रकाना होता. बाबूंच्या घराला जिनाच नव्हता. होती ती डोंगरउतारावरची केळी-कॉफीची शांबा, म्हणजे शेती, आणि उकिडवं बसायचा संडास. आजीच्या गावी मी हेच पाहत वाढले. पण फॉर्मवर नव्हतं, म्हणून मलाही सुचलं नाही. मामांनी सुचवलं. माझ्यामुळे त्यांचं काम दीडपट झालं होतं, हेही तेव्हाच लक्षात आलं. फॉर्मच्या समासात मी हाताने लिहिलं: उकिडवं बसणं, उतार.

आल्यापासून मी बाबूंना पर्यटकांसारखं ‘जांबो’ म्हणत होते. वडीलधाऱ्यांना ‘शिकामू’ म्हणायचं असतं. ‘तुमचे पाय धरते’ असा त्याचा मूळ अर्थ सांगतात. शेवटच्या सकाळी गुडघा वाकवायला बसले आणि म्हटलं, “शिकामू, बाबू.”

“मराहाबा,” ते म्हणाले. त्यांची टाच तेव्हा माझ्या तळहातावरच होती.