पाठीवरचे बिऱ्हाड

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण ज्याला स्थिर घर नाही अशा माणसाविषयी वापरतो. तिच्यात थोडी कीव असते आणि थोडा उपहासही. अमेरिकेत मात्र हे बिऱ्हाड हौसेने पाठीवर घेणारी लाखो कुटुंबे आहेत. त्यांच्या या चालत्या घराला ‘रिक्रिएशनल व्हेईकल’ किंवा नुसते ‘आरव्ही’ म्हणतात. काही आरव्ही स्वतःच्या इंजिनावर चालतात, तर काही मोटारीच्या मागे जोडून ओढून न्याव्या लागतात. आत बिछाने, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर, शौचालय असे सारे काही आटोपशीर मांडलेले असते. परंतु घर बरोबर नेले तरी त्याला टेकायला जमीन लागतेच. ती जमीन देणारा तळ म्हणजे कॅम्पग्राउंड. वाचकहो, वाहनाची निवड पैशाने होते. तळाची निवड मात्र आपले कुटुंब कसे आहे हे ओळखून करावी लागते. मला जे सांगायचे आहे ते या दुसऱ्या निवडीविषयी.

माझी मुलगी न्यू जर्सीत राहते. एका जून महिन्यात आम्ही पाच जणांनी भाड्याची आरव्ही घेऊन शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील लँकेस्टर काउंटीत चार रात्री काढायचे ठरवले. मुलगी, जावई, पाच वर्षांची नात, मी आणि माझे यजमान. यजमानांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. ते काठी घेऊन बरे चालत. पण त्या दिवसापासून आम्ही त्यांना एकटे चालूच दिले नव्हते. नातीच्या घरासमोर रहदारीचा रस्ता, म्हणून तिचाही हात कोणी सोडत नसे. एक एकाहत्तर वर्षांचे, एक पाच वर्षांची. दोघांचेही हात सदैव दुसऱ्याच्या हातात. प्रेमाने धरलेला हातही कधीकधी बेडीसारखा वाटत असेल, हे त्यांच्या चेहऱ्यांवर मला अधूनमधून दिसे.

तळ स्थूलमानाने दोन प्रकारचे असतात. राज्य उद्यानांतले तळ झाडीत असतात. तेथे दोन बिऱ्हाडांमध्ये अंतर अधिक आणि शांतता भरपूर. मात्र पुष्कळदा जागेवर फक्त वीज मिळते आणि सांडपाणी रिकामे करायला वाहन ठरावीक ठिकाणी न्यावे लागते. खासगी तळांवर पाणी, वीज आणि सांडपाण्याची नळी या तिन्ही जोडण्या जागेवरच मिळतात. शिवाय पोहण्याचा तलाव, खेळाचे मैदान, ट्रॅक्टरला जोडलेल्या गाडीतून फेरी अशी करमणूक असते. पहिली निवड बहुधा या करमणुकीच्या यादीवरून होते. माझ्या मुलीने यादी बाजूला ठेवली आणि दोन-तीन तळांना दूरध्वनी करून निराळेच प्रश्न विचारले. जागा सपाट आहे का? कारण जमीन कललेली असली की वाहनाची उघडणारी पायरी उंच राहते. वाहन मागे न घेता समोरून सरळ बाहेर काढता येईल का? जागेपासून स्वच्छतागृह किती पावलांवर आहे आणि वाटेत रात्री दिवा असतो का? ओढा किंवा मोठा रस्ता किती जवळ आहे? आतल्या रस्त्यावर गाड्यांच्या वेगाला मर्यादा आहे का? रात्री शांततेची वेळ किती वाजता सुरू होते?

या प्रश्नांमागे एकच सूत्र होते. कुटुंबातील सर्वांत लहान आणि सर्वांत थकलेली व्यक्ती जेथे कोणाचा हात न धरता वावरू शकेल, ती जागा कुटुंबाची. बाकीच्यांचे कोठेही निभावते.

अखेर निवडलेला तळ मक्याच्या शेतांना लागून होता. पोहोचल्यावर पहिला तास संसार मांडण्यात गेला. चाकांखाली ठोकळे सरकवून वाहन समतल करायचे, पिण्याच्या पाण्याची नळी जोडायची, खांबावरची वीज घ्यायची. आमची जोडणी 30 अँपिअरची होती. तीवर वातानुकूलन यंत्र आणि मायक्रोवेव्ह एकाच वेळी चालवले की खटका पडे. त्यामुळे भात गरम करायचा तर थोडे उकडून घ्यायचे, हा घरचा कायदा झाला. पाण्याची टाकी किती भरली आणि सांडपाण्याची किती, हेही दर्शक दाखवत असे. शहरातल्या घरात जे भिंतीआड नाहीसे होते, ते येथे हिशेबात येते. नातीने दुसऱ्याच दिवशी दात घासताना नळ बंद करायला सुरुवात केली. तिला कोणी उपदेश केला नव्हता.

आरव्हीचे खरे दालन तिच्या बाहेर असते. आत इतकी दाटी की माणसे आपोआप दाराबाहेर सांडतात. लाकडी टेबल, लोखंडी कड्यातला जाळ आणि चार खुर्च्या, एवढेच ते दालन. जळाऊ लाकूड मात्र तेथलेच विकत घ्यावे लागते. 2002 मध्ये मिशिगन राज्यात आढळलेला ‘एमराल्ड अ‍ॅश बोरर’ हा हिरवा भुंगेरा अशाच वाहून नेलेल्या लाकडांतून दूरदूर पसरला आणि त्याने अ‍ॅश वृक्षांचा फडशा पाडला. 2014 मध्ये लँकेस्टरला लागून असलेल्या बर्क्स काउंटीत ‘स्पॉटेड लँटर्नफ्लाय’ नावाचा आणखी एक कीटक सापडला. तो वाहनांवरही अंडी घालतो, म्हणून निघताना वाहन तपासायचे असते. फिरस्त्याने आपल्याबरोबर काय वाहून नेऊ नये, याचाही विचार करावा लागतो.

कुंपणापलीकडे आमिश शेतकऱ्यांची वस्ती होती. अठराव्या शतकात युरोपातून येथे आलेला हा ख्रिस्ती पंथ सार्वजनिक वीजवाहिनी घरात घेत नाही, मोटार बाळगत नाही. खेचरे जुंपून नांगरतो आणि करड्या रंगाच्या घोडागाडीतून प्रवास करतो. अलीकडे विजेच्या खांबांना जोडलेली आमची चाकांवरची घरे, पलीकडे त्या खांबांवाचून पिढ्यान्‌पिढ्या उभी असलेली घरे. तेथील लोकांना आपले छायाचित्र काढलेले रुचत नाही. जावयाने कॅमेरा पिशवीतच ठेवला. रस्त्याकडेला एका मांडवीत मटार आणि मुळे ठेवलेले असत. विक्रेता कोणी नाही, शेजारी पैसे टाकायची पेटी. रविवारी ती मांडवी बंद. पाहुण्याने यजमान गावाची लय मोडू नये, एवढे भान असले की ग्रामीण मुक्काम गोड होतो.

तिसऱ्या संध्याकाळी जाळासाठी लाकूड संपले. तळाचे कार्यालय आमच्या जागेवरून दिसत होते. वाट सरळ आणि सपाट. यजमान काठी घेऊन उठले आणि म्हणाले, “मी आणतो.” मी उठू लागले, तशी मुलगी हळूच म्हणाली, “आई, बाबांना जाऊ दे.” नात त्यांच्या पुढे धावली. ती दहा पावले पुढे जाई, थांबे, मागे वळून पाही. कोणी कोणाचा हात धरला नव्हता. मी खुर्चीतून पाहत राहिले; ती पाच-सात मिनिटे मला फार लांब वाटली. परतताना मोळी कार्यालयातील माणसाने हातगाडीवर घालून दिली होती. गाडी नात ओढत होती आणि यजमान काठीने दिशा दाखवत होते. जेवणाच्या वेळी ते नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात बोलले.

काळोख पडल्यावर मक्यावर काजवे लुकलुकू लागले. नातीला त्यांचे इंग्रजी नाव ठाऊक होते. ‘काजवा’ हा शब्द तिने त्या रात्री आजोबांकडून घेतला आणि झोपेपर्यंत पुन्हापुन्हा उच्चारला.

तळावर स्वच्छता आणि देखरेख पाहणारे एक वृद्ध दांपत्य होते. त्यांनी घर विकले होते आणि काही तास काम करून त्या बदल्यात ते तेथे जागा मिळवत. ते आनंदी दिसले. पण साऱ्यांचीच पाठीवरची बिऱ्हाडे हौसेची नसतात. आपल्याकडे ऊसतोडीला निघालेल्या बैलगाडीवर भांडीकुंडी आणि लेकरे पाहिली की हा भेद लख्ख दिसतो. चार रात्रींची सहल करणाऱ्याने स्वतःला भटके म्हणवून घेऊ नये. परतायला घर आहे, म्हणून त्याला ते सोडण्यात सुख आहे.

तुमच्या वाट्याला आरव्ही येईल न येईल. परंतु यात्रेतली धर्मशाळा असो की सुट्टीतले एखादे खेडे, कुटुंबासाठी मुक्काम निवडण्याची वेळ तुमच्यावर केव्हातरी येईलच. तेव्हा तेथे काय काय पाहायला मिळेल हे अवश्य विचारा. त्याआधी आपल्यातले कोण तेथे एकटे चालू शकेल, हे विचारा. न्यू जर्सीला परतल्यावर यजमान रोज सकाळी कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत एकटे जाऊ लागले. मी खिडकीत उभी राहत असे. हाक मात्र मारली नाही.