शनिवारचे कारागीर

आमच्या घरात रेल्वे म्हणजे इंजिन नव्हे, डबा. थोरला मामा माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात सुतार होता. 1915 साली जीआयपी रेल्वेने उभारलेला हा डब्यांचा कारखाना. ठरावीक मुदत भरली की लोकलचे आणि मेलचे डबे तिथे दुरुस्तीला येतात. त्या मोठ्या दुरुस्तीला तिथे सगळे ‘पीओएच’ म्हणतात. मामाच्या तोंडी हा शब्द इतका असायचा, की पुष्कळ दिवस मला ते एखाद्या गावाचं नाव वाटायचं. इंजिनाचं कौतुक चाललं की तो म्हणायचा, “इंजिन ओढतं रे, पण माणूस बसतो डब्यात.”

मामाबरोबर लोकलने जायचं म्हणजे खिडकीबाहेरची मजा विसरायची. तो बाहेर बघायचाच नाही. लाकडी बाकाच्या पट्ट्यांवरून हात फिरवायचा, खिडकीचं शटर वरखाली करून त्याची खाच तपासायचा, आणि “हा डबा हल्लीच आमच्याकडून गेलाय” किंवा “याचे दिवस भरले” असा निकाल द्यायचा. शेजारचे प्रवासी चमकून बघायचे. मला आधी लाज वाटे. मग हळूहळू माझीही नजर आत वळली. कुठला स्क्रू नवा, कुठली पट्टी बदललेली, रंगाचा हात कुठे घाईने मारलाय, हे दिसायला लागलं.

पुढे कॉलेज आणि पहिली नोकरी हार्बर लाइनवर झाली. मुंबईची पहिली विजेची गाडी याच मार्गावर धावली, 3 फेब्रुवारी 1925 रोजी, व्हीटी ते कुर्ला, 1500 व्होल्ट डीसीवर. माझ्या दिवसांतही तोच डीसी होता. सुटताना डब्याच्या पोटातून येणारा, चढत जाणारा तो घरघराट आणि गाडी थांबली की फरशीखाली धडधडणारा कॉम्प्रेसर यांच्यावर माझी सकाळ बेतलेली असायची. चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकवून मी कित्येक पुस्तकं वाचली. एप्रिल 2016 मध्ये हार्बरवरचा डीसीही संपला. ती बातमी मी वाचली ती शिकागोजवळच्या व्हीटन या उपनगरात बसून.

व्हीटनला आलो तेव्हा वाटलं, रेल्वेशी असलेलं नातं आता संपलं. ऑफिस गाडीने, बाजार गाडीने, मंडळाच्या गणपतीलाही गाडीनेच. संध्याकाळी पाय मोकळे करायला मात्र घरामागे एक सुंदर पायवाट होती. दोन्ही बाजूंना झाडं, मधून खडीचा सपाट रस्ता, कुठेही एकदम चढ नाही की वळण नाही. इलिनॉय प्रेअरी पाथ हे तिचं नाव. इतकी सरळ पायवाट निसर्ग करत नाही, हे मामाच्या भाच्याच्या लक्षात यायला हवं होतं. ते लक्षात आणून दिलं ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने. हा गृहस्थ शनिवारी कधीच कुठे सापडायचा नाही. काय करतोस, विचारलं तर म्हणाला, “डबे दुरुस्त करतो. तू रोज ज्या वाटेवर चालतोस ना, तिच्यावरून धावणारे.”

त्याच्यासोबत मी पहिल्यांदा युनियनला गेलो. शिकागोच्या वायव्येला शंभरएक किलोमीटरवर, मक्याच्या शेतांत हे एवढंसं गाव आहे. तिथलं इलिनॉय रेल्वे म्युझियम हे अमेरिकेतलं सर्वांत मोठं रेल्वे संग्रहालय. साडेचारशेच्या वर डबे, इंजिनं, ट्राम. मरेंगो या शेजारच्या गावाहून उचलून आणलेलं 1851 सालचं लाकडी स्टेशन. रशियासाठी 1918 साली बांधलेलं आणि तिकडे क्रांती झाल्यामुळे अमेरिकेतच राहिलेलं वाफेचं इंजिन. डब्यांसाठी लांबच लांब शेड. आणि हे सगळं चालवणारी माणसं, तिकीट तपासणाऱ्यापासून मोटरमनपर्यंत, बिनपगारी.

याची सुरुवात झाली 1953 साली. इंटरअर्बन म्हणजे गावागावांना जोडणाऱ्या विजेच्या गाड्या तेव्हा एकामागून एक बंद पडत होत्या. इंडियाना रेलरोडचा 65 क्रमांकाचा डबा, 1931 सालचा. ती कंपनी 1941 मध्ये गुंडाळली गेल्यावर तो आयोवात जाऊन धावला, आणि 1953 मध्ये तिथलीही प्रवासी वाहतूक थांबली. तेव्हा दहा जणांनी प्रत्येकी शंभर डॉलर काढले आणि हा डबा विकत घेतला. ठेवायला जागा नव्हती. नॉर्थ शिकागो नावाच्या गावातल्या एका फाउंड्रीच्या आवारात आसरा मिळाला. तिथे डबे वाढत गेले, आणि 1964 मध्ये सगळं बिऱ्हाड युनियनला हललं, तेही 1930 मध्येच बंद पडलेल्या एका इंटरअर्बन मार्गाच्या जागेवर. रूळ पुन्हा टाकले, तारा ओढल्या.

1964 म्हटल्यावर मुंबईकराला दुसरं काहीतरी आठवतं. त्याच वर्षी 31 मार्चच्या रात्री मुंबईची शेवटची ट्राम धावली. हजारो लोक निरोप द्यायला रस्त्यावर आले होते. इकडे निरोप द्यायला नव्हे, ओढून न्यायला माणसं आली, एवढाच फरक. पण तो एवढाच फरक पुढे केवढा होतो, ते युनियनच्या शेडमध्ये दिसतं.

माझ्या पायवाटेची गाडी म्हणजे शिकागो, अरोरा अँड एल्गिन. 1902 साली सुरू झालेली. तिचं मोठं वर्कशॉप व्हीटनमध्येच होतं. 1953 मध्ये शिकागोत नवा महामार्ग बांधायला घेतला आणि या गाड्यांचा थेट शहरात शिरणारा रस्ता तुटला. प्रवाशांना अलीकडे फॉरेस्ट पार्कला उतरून गाडी बदलावी लागे. तिथून गर्दी ओसरली. 3 जुलै 1957 रोजी दुपारी बाराच्या सुमारास कंपनीने कोर्टाच्या परवानगीने प्रवासी गाड्या बंद केल्या, भर दिवसा. सकाळी याच गाडीने कामाला गेलेली माणसं संध्याकाळी परत यायला निघाली, तर गाडीच नाही. कुर्ल्याहून सकाळी व्हीटीला जावं आणि संध्याकाळी कळावं की हार्बर लाइन दुपारीच बंद झाली, असा हा प्रकार. पुढे 1963 मध्ये मे थिलगार्ड वॉट्स या निसर्गअभ्यासक बाईंनी ‘शिकागो ट्रिब्यून’ला पत्र लिहिलं, की या ओसाड पट्ट्यावर बुलडोझर फिरण्याआधी त्याची पायवाट करू या. त्या पत्रातून माझी वाट झाली. रूळ गेलेली जागा वॉट्सबाईंनी वाचवली, त्यावरचे काही डबे युनियनवाल्यांनी वाचवले. दोन्हीकडे सुरुवात केली ती साध्या नागरिकांनी.

युनियनच्या शेडमध्ये पाय ठेवला आणि नाकाने मला थेट माटुंग्याला नेलं. लाकडाचा भुसा, ग्रीस, जुना रंग. एका लाकडी डब्यापाशी पाचसहा जण होते. एकाने माझ्या हातात सँडपेपर दिला आणि खिडकीखालची हातभर जागा दाखवली. तिथे रंगाचा इतिहास शोधायचा होता. नाण्याएवढ्या जागेवर हलक्या हाताने, गोल गोल घासायचं. आधी राखाडी निघाला, मग लाल, मग पुन्हा वेगळा लाल, मग काळपट हिरवा आणि शेवटी लाकूड. खोडातल्या वर्षवलयांसारखी ती वर्तुळं उमटली. प्रत्येक वर्तुळ म्हणजे एकेक रंगकाम. त्यांचे फोटो काढून, जुन्या कागदपत्रांशी ताडून, कुठल्या काळातला डबा उभा करायचा ते ठरतं. मग त्या काळाशी इमान राखायचं. हिरव्या रंगाच्या काळात दिवे वेगळे असतील तर दिवेही तेच हवेत.

छप्पर बघून तर मी हरखून गेलो. लाकडी डब्याचं छप्पर म्हणजे एकमेकांत खाचेने बसवलेल्या अरुंद फळ्या आणि त्यांवर ताणून बसवलेलं जाड सुती कॅनव्हास. त्यावर रंगाचे हात चढवले की पाणी आत येत नाही. हे कॅनव्हास ताणायचं काम मोठं कटकटीचं. सुरकुती राहिली तर तिथे पाणी साचतं, पाणी साचलं की फळी कुजते, आणि छपरातून उतरलेलं पाणी भिंतीतून थेट खालच्या तुळईपर्यंत जातं. दोन टोकांना माणसं कापड ओढून धरतात आणि मधला माणूस कडेने बारीक खिळे मारत जातो. त्या मधल्या माणसाच्या तोंडात खिळे होते. एकेक खिळा ओठांतून हातोडीपर्यंत कसा जात होता ते मी बघत राहिलो. मामाही खिळे असेच धरायचा.

काही डबे तर घरांमधून निघालेले असतात. कंपन्या बुडाल्या तेव्हा चाकं आणि मोटारी भंगारात गेल्या, आणि वरचा सांगाडा शेतकऱ्यांनी थोडक्या पैशांत नेला. कुणी त्यात कोंबड्या ठेवल्या, कुणी भोवती भिंती उभारून संसार थाटला. पुढे घर पाडताना आतून डबा बाहेर येतो, आणि तसा निरोप मिळाला की ही मंडळी ट्रेलर घेऊन निघतात. मग त्याला साजेशी चाकं, मोटारी आणि ब्रेकची नळकांडी दुसरीकडून मिळवायची. अशा एका डब्याला पुन्हा रुळावर यायला वर्षानुवर्षं लागतात. शनिवार-रविवारीच काम चालणार असेल तर आणखीच. तिथे कुणाला घाई नाही, की या दिरंगाईची खंत नाही.

ही माणसं कोण, तर निवृत्त वीजतंत्री, शाळामास्तर, वकील, एक दंतवैद्य, आणि केस गुलाबी रंगवलेली एक कॉलेजकन्यका. मोटारीच्या आर्मेचरचं गुंडाळकाम ती सत्तरी गाठलेल्या एका म्हाताऱ्याकडून शिकत होती. म्हातारा बोलायला खडूस होता. तिने केलेलं तीनदा उलगडायला लावलं. तिनेही ते मुकाट्याने उलगडलं. मला सगळ्यांत जास्त आवडलं ते हेच. डबा शेडमध्ये ठेवला की टिकतो, पण हातातलं कसब शेडमध्ये ठेवता येत नाही. ते एका हातातून दुसऱ्या हातातच द्यावं लागतं.

दुपारी एका डब्यात बसून फेरी मारली. बाकांची पाठ उलटवता येते. शेवटच्या स्टेशनला गाडी वळवायची नसते, म्हणून कंडक्टर डब्यातून चालत जातो आणि खाडखाड एकेक पाठ पलटवत जातो. मागे तोंड करून कुणालाच बसावं लागत नाही. मोटरमन दुसऱ्या टोकाला जातो, दोरी ओढून एक पोल तारेवरून उतरवतो, दुसरा चढवतो. आणि मग गाडी सुटताना तोच घरघराट आला. इथे 600 व्होल्ट, तिथे 1500, पण आवाजाचं घराणं एकच. उगाच नाही. एकाच मोटरमनने एकापाठोपाठच्या अनेक मोटर डब्यांना एकाच हँडलवरून हुकूम द्यायचा, ही युक्ती फ्रँक स्प्राग या इंजिनिअरने 1897-98 मध्ये शिकागोच्याच साउथ साइड एलेव्हेटेड रेल्वेवर पहिल्यांदा राबवली. मुंबईची लोकल आजही याच तत्त्वावर धावते. म्हणजे मी ज्या डब्यात लटकत मोठा झालो, त्याचं आजोळ हेच.

आता मी अधूनमधून शनिवारी जातो. माझ्याकडे खिडक्यांच्या चौकटी असतात. मामाने शिकवलेलं एक इथे उपयोगी पडतं. शटर बसवताना खाच अगदी घट्ट ठेवायची नाही, लाकूड पावसाळ्यात फुगतं. इलिनॉयला पावसाळा नाही, पण दमट उन्हाळा आहे. खडूस म्हाताऱ्याने चौकट वरखाली करून पाहिली आणि काही न बोलता पुढची माझ्याकडे सरकवली. त्याच्याकडून ती शाबासकीच.

आपल्याकडे जुने डबे जपलेच नाहीत असं कुणी म्हणू नये. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे, दिल्लीला राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे, मुंबईत आणिक डेपोत बेस्टचं संग्रहालय आहे. पुण्यात कोथरूडला तर भाऊ जोशींनी स्वतःच्या हौसेने छोट्या रेल्वेचं अख्खं जग उभं केलं. पण बहुतेक ठिकाणी डबा रंगवून उभा करतात आणि भोवती साखळी लावतात. तो दुरुस्त करायला बाहेरच्या माणसाचा हात लागत नाही. रेल्वेच्या नियमांत ते सोपं नाही, हे मान्य. पण एका गोष्टीला कुणाची परवानगी लागत नाही.

माटुंगा, परळ, कुर्ला कारशेड, कुर्डुवाडीचं नॅरोगेज वर्कशॉप, इथे आयुष्य काढलेले सुतार, फिटर, रंगारी, वाइंडर आज कुठल्या ना कुठल्या चाळीत, गावात, मुलाच्या फ्लॅटमध्ये बसलेले आहेत. बार्शी लाइट रेल्वेच्या डब्यातून पंढरीला गेलेले वारकरी आहेत, डीसी लोकल हाकलेले मोटरमन आहेत. तुमच्या घरात, इमारतीत असा कुणी असेल तर त्याच्याजवळ बसा. मोबाइलवर आवाज टिपा. छप्पर कसं घालायचे, रंग कुठला मारायचे, कुठला सांधा आधी निकामी व्हायचा, ते विचारा. हत्यारांची नावं त्यांच्या तोंडची लिहून घ्या. जुने फोटो आणि ड्रॉइंग रद्दीत घालू नका. उद्या आपल्याकडे कुणा दहा जणांनी पैसे काढून डबा घेतला, तर पैशांपेक्षा आधी त्यांना हीच माहिती लागेल. आणि ती देऊ शकणारी माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत.